कोपीपर्यंत गेलेलं करडू

दसरा झाला की आमच्या गावातली कुत्री काही दिवस वेगळी वागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी चढते, पाण्याचे ड्रम चढतात, शेळी चढते, टोपलीखाली झाकलेली कोंबडी चढते, त्या सगळ्यावर माणसं चढतात. कुत्रं तेवढं खाली राहतं. ते ओढ्यावरच्या पुलापर्यंत ट्रॉलीमागं पळतं, मग थांबतं, जीभ बाहेर काढून धुळीकडं बघत राहतं आणि परत येऊन कुलूप लावलेल्या दारापुढं बसतं. शाळेत जाताना अशी कितीतरी दारं आणि त्यापुढची कुत्री मला ओलांडावी लागतात. त्यांच्याकडं बघायचं मी टाळतो. त्यातल्या काही घरांमधली मुलं माझ्याकडं असतात.

मी ह्या गावात शिक्षक आहे. मूळचा पारनेरकडचा, बायको आणि मुलगा नगरला. पाथर्डी तालुक्यातल्या ह्या डोंगराकडच्या गावी आलो तेव्हा केस काळे होते. इथली जमीन पावसावर, आणि पावसाचं काही खरं नसतं, म्हणून दरवर्षी नवराबायकोच्या जोड्या ऊस तोडायला गोदावरीच्या अंगाला किंवा त्याहून लांब जातात. दिवाळीच्या आसपास गेलेली माणसं होळी-पाडव्याच्या सुमाराला परततात. पूर्वी मुलंही बरोबर जायची आणि शाळा तिथंच सुटायची. आता हंगामापुरतं वसतिगृह असतं. त्यासाठी नवरात्रापासून मी दारोदार फिरतो आणि आईबापांना सांगतो, लेकरू इथं ठेवा, मी आहे.

हे शेवटचे दोन शब्द बोलायला फार सोपे आहेत. मी ते इतक्या ओट्यांवर बसून बोललो आहे की आता बोलताना मी समोरच्याकडं न बघता चहाच्या कपाकडं बघतो. यंदाही फिरलो. यंदाही एका घरी चहा घेताना ते शब्द तोंडातून गेले आणि मला कोमल आठवली, ती दुसरीत होती तो हंगाम आठवला.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. वसतिगृह म्हणजे शाळेच्याच दोन खोल्या. दिवसा फळा आणि पाढे, संध्याकाळी तिथंच सतरंज्या. खोबरेल तेलाचा, डाळीच्या फोडणीचा आणि धुऊन नीट न वाळलेल्या गोधड्यांचा मिळून एक वास त्या खोल्यांना असे. खिडकीतून शाळूचं रान दिसायचं. स्वयंपाकाला हौसाबाई होती, साठीकडं झुकलेली, नवरा वारलेला. मुलं तिला मावशी म्हणत. ती मुलांना शिव्या घालत भाकरी वाढायची आणि कुणाच्या ताटात कालवण उरलं की त्याच्या अख्ख्या खानदानाला नावं ठेवायची. मुलांना त्यामुळं घरी असल्यासारखं वाटे.

फोनला रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीच्या कठड्यावर यायची. मावळतीच्या वेळी तिथं मी माझा मोबाईल स्पीकरवर ठेवायचो आणि एकेका घरचा फोन यायचा. पलीकडं सगळ्यांच्या घरी एकच आवाज असे, उसाच्या पाल्याचा सळसळाट. कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळ उभारलेली पाचटाची आणि ताडपत्रीची झोपडी. तिच्या दाराशी बसून कुणी बाप, कुणी आई बोलत असायची.

"जेवला का?"

"जेवलो."

"कशासंगं?"

"डाळ."

"बरं हाय ना?"

"बरं हाय."

मग दोन्हीकडं शांतता. आईबापाला विचारायला दुसरं काही सुचत नसे आणि पोराला सांगायला. मी फोन उचलून पुढच्या मुलाला हाक मारायचो. त्या शांततेचं काय करावं ते मला कळत नव्हतं. गोष्ट सुरू झाली ती खरं म्हणजे त्या शांततेत काहीतरी घालावं म्हणून.

पहिल्या दिवशी मी गोष्टीत सिंह आणला. मुलं ऐकत होती. सहावीतला दिग्या भिंतीला टेकून बसला होता. आवाज फुटायला लागलेला, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून.

"सर, सिंह कुनी बघितलाय हितं?"

कुणीच बघितला नव्हता.

"मग त्येला कशाला भ्यायचं? दुसरं काय तरी सांगा. वळखीचं."

मग ओळखीचं कोण हे ठरवण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. वाण्याच्या दुकानामागचं गाढव आलं. तारेवर बसणारा होला आला. घोरपड हवी की नको ह्यावर भांडण झालं आणि ती आली. गोष्टीचा नायक म्हणून मात्र सगळ्यांनी न भांडता करडू घेतलं. ज्याच्या त्याच्या घरी कधीतरी शेळी व्यालेली होती. करडाचा एक पाय अधू, म्हणून कळप लांब चरायला गेला तेव्हा ते मागं राहिलं, असं मी सांगितलं. आपण काय सांगतो आहोत हे मला नीट ठाऊक होतं. मागं राहिलेलं करडू हळूहळू धीट होतं, गाढव, होला आणि घोरपड त्याचे मित्र होतात, आणि कळप परत येतो तेव्हा ते मोठं झालेलं असतं. मला माझी मुलं अशी व्हायला हवी होती. रडू नयेत, आजारी पडू नयेत, पाडव्यापर्यंत तग धरावा.

दुसऱ्या दिवशी फोनवर "बरं हाय" झाल्यावर एका मुलीनं आपणहून करडाची गोष्ट आईला सांगितली. आई ऐकत राहिली. तिच्या मांडीवरचं धाकटं मध्येच काहीतरी बोबडं बोललं. आई हसून म्हणाली, "ह्यो म्हनतोय, करडाला बूट पायजेत. काटं टोचत्याल."

करडाला बूट मिळाले. दिग्या म्हणाला, "चार घ्यावं लागत्याल, जोडी नाय पुरायची." खोली हसली. त्यानंतर गोष्ट दोन्हीकडून वाढू लागली. इथं मी सांगायचो, मुलं फोनवरून पुढं न्यायची, तिकडं कोप्यांमधून धाकटी भावंडं आपापल्या मागण्या पाठवायची. एका कोपीनं गाढवाला चष्मा लावला. एका बापानं, मोळ्या वाहून खांदा सुजलेला असताना, होल्यासाठी गाणं रचून पाठवलं. ते ऐकण्यासारखं अजिबात नव्हतं, आम्ही मात्र रोज म्हणायचो. संध्याकाळचं बोलणं लांबलं. मला स्वतःचा अभिमान वाटू लागला होता, हेही लिहायला हवं.

माझ्या मुलाला लहानपणी मी अशी एकही गोष्ट सांगितलेली नाही. शनिवारी रात्री घरी पोचायचो तेव्हा तो झोपलेला असायचा. रविवारी मी झोपायचो.

कोमलला तिच्या आईपासून मागून घेताना मला बराच वेळ लागला होता. तिची आई, छायाबाई, अंगणात विळ्याला धार लावत बसली होती. दोन वर्षांचा आदित्य कोमलच्या कडेवर होता. ती स्वतः एवढीशी, आणि तो तिच्या कमरेवरून खाली घसरायचा. एक झटका देऊन ती त्याला वर घ्यायची.

"गुरुजी, ही ठेवली तर आद्याला कोन बघंल? आमी दोघं फडात. आजून पहाट बी न्हाई फुटत तवा जावं लागतं. हीच बसती त्येला घेऊन कडंला."

मी म्हणालो, "ताई, दुसरीचं वर्ष आहे. वाचायला लागली आहे ती. आता शाळा तुटली तर परत धरत नाही. तुम्हीच सांगा, तुमची तुटली ती कधी धरली?"

हे मी मुद्दाम म्हणालो. छायाबाई पुन्हा विळ्याला धार लावू लागली. आद्याला कोण बघेल ह्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. तो प्रश्न तसाच अंगणात ठेवून मी उठलो. निघताना ती म्हणाली, "बघा मग. तुमच्या जिवावर ठेवते."

कोमल रडली नाही. ट्रॉली निघाली तेव्हा ती माझ्याशेजारी उभी होती आणि ट्रॉलीतला आद्या दिसेनासा होईपर्यंत त्याला हातानं खाली बसायच्या खुणा करत होती. सुरुवातीचे दिवस ती फोनवर भरभर बोलायची, आणि तिचं सगळं बोलणं आद्याविषयी असायचं. त्येला शेंबूड हाय का. त्येला टोपी घाल. त्येला उसाच्या आत जाऊ देऊ नको, पाला कापतो. मुलं तिला आजी म्हणून चिडवायची.

मग गोष्टीत बिबट्या आला. गोष्ट फार गोड होत चालली आहे, कुणीतरी वाईट हवं, अशी दिग्याची तक्रार होती. सिंह कुणी पाहिला नव्हता, बिबट्याचं मात्र सगळ्यांना माहीत होतं. ऊस जिथं, बिबट्या तिथं. मलाही वाटलं, करडाला धीट करायचं तर भीती खरी हवी. मी बिबट्याला ओढ्याच्या पलीकडं आणून बसवला. संध्याकाळी मुलं सरकून एकमेकांना चिकटून बसली. मी मनातून खूश झालो.

त्याच दोन-चार दिवसांत दिग्याचे वडील फोनवर बोलले. त्यांची आणि कोमलच्या आईबापाची कोपी शेजारी-शेजारी होती, पुणतांब्याकडं, नदीच्या अंगाला. ते दिग्याला म्हणाले, "परवा बाजूच्या फडात जनावर दिसलं म्हनं. आमी आता वरडत वरडतच तोडतो. तुझ्या गोष्टीतला आलाय का काय बघ." दिग्या हसला. मीही हसलो. अशी बातमी दर हंगामात येते. ऐकली आणि सोडून दिली.

कोमल दुसऱ्या दिवसापासून फोनवर येईना.

हाक मारली की ती गोधडीत तोंड घालायची. ताटातली भाकरी चिवडून ठेवायची. हौसाबाईनं तिला बोलून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं, गूळ देऊन पाहिला. मला वाटलं, घरची आठवण. पहिला भर ओसरला की काही मुलांना ती अशी उशिरा येते. तिच्यासाठी मी गोष्टीतल्या करडाला आणखी धीट करायला घेतलं. करडू एकटं झोपतं. करडू अंधाराला भीत नाही. करडाला कळपाची आठवण येते, पण ते रडत नाही. हे सांगताना माझी नजर तिच्यावर असायची. ती भिंतीकडं बघायची.

तिकडं छायाबाई रोज विचारायची, "कोमी कुठंय?" एकदा मी सांगितलं, झोपली. एकदा सांगितलं, खेळते आहे. त्या दोन्ही वेळी कोमल माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसलेली होती आणि मी खोटं बोलतो आहे हे ती ऐकत होती. ती उठून आईला हाक मारू शकली असती. नाही मारली. तिनं मला खोटं बोलू दिलं, आणि त्याची मला जास्त लाज वाटली.

त्या संध्याकाळी गोष्टीत बिबट्या ओढ्यापर्यंत पाणी प्यायला आला होता. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "आता करडानं काय करावं?"

"गाढवाच्या मागं लपावं," एकजण म्हणाला.

"गाढवच पळून जाईल," दिग्या म्हणाला. "चष्मा हाय त्येला, लांबूनच दिसंल."

कोमल म्हणाली, "करडाचा भाऊ कुठंय?"

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज आला होता. सगळे वळले. मी म्हणालो, "करडाला भाऊ नाही ना."

"हाय."

"न्हाई गं," दिग्या म्हणाला. "सरांनी सांगितलाच न्हाई कधी."

"हाय. कळपासंगं गेलाय. बारका हाय त्यो. त्येला कळत न्हाई कुठं जाऊ ने ते."

ती पुढं म्हणाली, आणि बोलताना गोधडीच्या काठाचा दोरा ओढत होती, "बिबट्या हितं नसतोच. उसात असतो. कळप तिकडंच गेलाय."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी तिला मागं राहण्याचं धैर्य शिकवत होतो, आणि त्या पोरीला मागं राहायची भीतीच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं फडाच्या कडेला पोत्यावर बसवलेला आद्या होता, आणि त्याच्याजवळ ती नव्हती. बिबट्या तिच्यापर्यंत मीच आणला होता, रोज संध्याकाळी थोडा थोडा जवळ.

"कोमल," मी म्हणालो, "तुला काय वाटतं, सांग."

"मला तिकडं जायचंय. मी आसले की त्यो उसात जात न्हाई."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटती की," ती म्हणाली, जणू मी भलतंच काही विचारलं होतं.

पलीकडून फोन आला तेव्हा तिला बोलवावं लागलं नाही. ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. आईनं "कोमे, अगं बोलंना का तू?" एवढं म्हणेपर्यंत ती म्हणाली, "आये, मला घिऊन जा."

"का गं? गुरुजी मारतेत का?"

"न्हाई."

"मग?"

"आद्यापशी कोन हाय?"

पलीकडं पाला सळसळत राहिला.

"आये, आत्ता कुठंय त्यो?"

"हाय की हितंच. मांडीवर हाय."

"सकाळी कुठं आस्तो?"

"कडंला बसवते. बघते मधनंमधनं."

"मला घिऊन जा, न्हाई तर त्येला हिकडं धाड."

फोन बंद झाला. तिच्या आईनं बंद केला की रेंज गेली, माहीत नाही. कोमल येऊन जागेवर बसली आणि त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली.

मला मात्र जेवण गेलं नाही. तिला पाठवली तर तिची शाळा संपली, हे मी इतक्या मुलांचं पाहिलं होतं. पाठवली नाही आणि तिकडं काही झालं, तर आयुष्यभर ती पोर कुणाकडं बघेल? आणि तिला पाठवून मी काय करणार होतो, एका दोन वर्षांच्या मुलाला वाचवायला सात वर्षांची मुलगी बिबट्याच्या शेजारी बसवणार होतो? पण मी तिला इथं ठेवून घेईपर्यंत ती तिथंच तर बसत होती. छायाबाईच्या अंगणात मी जो प्रश्न ठेवून उठलो होतो तो आता माझ्यासमोर ताटावर येऊन बसला होता.

हौसाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "आनू द्या की त्येला. माझ्यापशी निजंल."

"मावशी, तो शाळेचा नाही. दोन वर्षांचं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही."

"वसतिगृहात कोन म्हनतंय? माझं घर हाय की पलीकडं. दिवसा अंगनवाडीत घालू. आन् खातंय किती ते एवढंसं तोंड. तुमी त्या दिग्याला बघा, त्यो दोन पोरांचं खातो."

"मी ऐकतोय, मावशी," आतून दिग्याचा आवाज आला.

"तुला ऐकायलाच बोलले."

मी छायाबाईला फोन करून विचारलं. ती बराच वेळ "बघते, ह्यांना विचारते" म्हणत राहिली. एका सकाळी दोन-तीन गाड्या बदलत, पाथर्डीहून वडापच्या जीपनं ती फाट्यावर उतरली. कडेवर आद्या, हातात उसाच्या कांड्यांची पिशवी, मुलांसाठी.

कोमल वर्गातून उठून गेली, मला न विचारता. तिनं आद्याला खाली उतरवून घेतलं, त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. उसाच्या पाल्यानं मनगटांवर बारीक रेघा उठल्या होत्या. तिनं त्याचं नाक फ्रॉकला पुसलं आणि म्हणाली, "किती काळा झालास रे." मग आईकडं बघितलं. आई तिच्यापाशी जायच्या आतच ती आद्याला घेऊन गाढव दाखवायला निघून गेली.

छायाबाईनं चहा घेतला. तिला लगेच परत फिरायचं होतं. कोयता दोघांचा असतो, एक थांबला की दुसऱ्याचं काम थांबतं. ती माझ्याकडं न बघता, बशीकडं बघत बोलली.

"दिसा काय वाटत न्हाई, गुरुजी. आंधारात कोपीभवती काय वाजलं की मी आद्याला पोटाशी घ्यायची. त्येला वाटायचं आई मला सांबाळती." ती जराशी हसली. "मीच त्येला धरून पडायची."

मी काय बोलणार होतो, 'मी आहे'?

जीप यायच्या वेळेला आद्या तिच्या पदराला धरून बसला होता. कोमलनं त्याची मूठ सोडवली, एकेक बोट करून, आणि त्याला उचलून शाळेच्या मागं घेऊन गेली. तिथून त्याचं रडणं ऐकू येत होतं. छायाबाई फाट्याकडं चालत गेली. नेहमी बायका वळून बघतात, हात करतात, काहीतरी राहिलेलं सांगतात. ती सरळ चालत गेली. तिचा एक हात अजून तसाच वाकलेला होता, कडेवर मूल असल्यासारखा.

मुलीची शाळा राहावी म्हणून मी त्या बाईच्या जवळचं एक लेकरू काढून घेतलं होतं. मुलाचा जीव राहावा म्हणून आता दुसरंही. दोन्ही वेळी मी बरोबर होतो. आजही मला त्यात चूक दाखवता येत नाही, आणि तरीही त्या रस्त्यावरून जाताना मला ती तशी चालताना दिसते.

लहान मुलांच्या गोष्टींत जनावरं एकमेकांना वाचवतात आणि मग सगळी एकत्र राहतात. आम्ही मोठी माणसं त्या गोष्टी सांगतो कारण त्यांत धैर्याची बाजू ठरलेली असते. करडू धीट झालं की गोष्ट संपते. करडू धीट झाल्यावर शेळीचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

कोमल आता मोठ्या शाळेत जाते. आद्या माझ्या वर्गात आहे, बेरजा करताना बोटं संपली की शेजाऱ्याची घेतो. छायाबाई अजून जाते. परवा ट्रॉली निघाली तेव्हा ती वर बसलेली होती, चेहऱ्याला रुमाल बांधून, आणि आद्यानं तिला हात केला तेव्हा तिनंही केला. आमच्या कुणाच्याच आयुष्यात ऊस संपलेला नाही. नदीकाठी तो पूर्वीपेक्षा दाट आहे आणि बिबटेही आता गावाच्या कडेपर्यंत येतात, असं सगळे सांगतात. मी अजून ओट्यांवर जाऊन बसतो. एवढंच झालंय की, ताई, धाकट्याला कोण बघेल, हे आता मी आधी विचारतो. काही ठिकाणी त्याचं उत्तर मिळतं. काही ठिकाणी मिळत नाही आणि मग चहा गार होतो.

पण मला सांगायची आहे ती छायाबाई परत गेल्यानंतरची संध्याकाळ.

फोन उशिरा आला. कोमलनं घेतला, पण आद्यानं तिला बोलू दिलं नाही. तो मोबाईलला तोंड लावून करडाच्या बुटांविषयी सांगत होता, अर्ध्याहून अधिक न कळणारं, आणि मग एकदम आईचा आवाज नेमका कुठून येतो ते बघायला फोनच्या मागं बघू लागला. तिथं ती नव्हती. त्याचा ओठ वळला. कोमलनं त्याला उचललं आणि हौसाबाईच्या घराकडं नेलं. मुलं जेवायला बसली. कठड्यावर फोन तसाच चालू होता.

मी म्हणालो, "ताई, तो झोपेल आता. काळजी करू नका."

"न्हाई करत," ती म्हणाली. ठेवते असं मात्र म्हणाली नाही. मागं स्टोव्हचा आवाज होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आज गोष्टीत काय झालं?"

"कोमलनं नाही सांगितलं?"

"आद्यानं कुठं बोलू दिलं तिला. तुमी सांगा की."

"तुम्हाला?"

"मंग. ऐकते मी."

मी खिडकीशी उभं राहून गोष्ट सांगायला लागलो. आधी जरा संकोच वाटला, मग वाटेनासा झाला. करडाचा भाऊ कळपातून परत आला आणि गाढवाच्या पाठीवर झोपला, असं सांगितलं. ती मध्ये मध्ये हुंकार देत होती, मुलं देतात तसे. बिबट्याचं काय करायचं हे मी दुपारीच ठरवून टाकलं होतं. मला तो गोष्टीतून लवकरात लवकर काढायचा होता. "मग माणसं पिंजरा घेऊन आली," मी म्हणालो, "आणि त्या दुष्ट बिबट्याला..."

"गुरुजी," ती म्हणाली, "त्येला वाईट नका करू."

मी थांबलो.

"पकडू बी नका. रागाला यील त्यो. मला पहाटं त्येच्याच शेजारी जायाचं हाय."

पलीकडं पाला वाजत होता. आत मुलांच्या ताटांचा आवाज येत होता, हौसाबाई कुणाला तरी ओरडत होती. मी पिंजरा गोष्टीतून परत पाठवला. बिबट्याचं पोट भरलेलं होतं, असं सांगितलं. तो पाणी प्यायला, कुणाकडं न बघता वळला आणि डोंगर चढून पलीकडं निघून गेला, तिथं त्याची पिल्लं होती.

मग ती म्हणाली, "लई लांब गेला का?"

"लई लांब," मी म्हणालो.